वॉशिंग मशीनचा अडकलेला पाईप: नट हाय, नारळ न्हाई

चार वर्षांपूर्वीचा जुलै. आठवडाभर ऊन नाही, घरात दोऱ्या बांधून वाळत घातलेले ओले कपडे, आणि त्यातच मशीनच्या पाण्याच्या पाईपला नळाजवळ चीर पडून बारीक पिचकारी उडायला लागली. नवा पाईप आणला, मशीन पुढं ओढलं आणि मागचा नट फिरवायला गेलो, तर तो जागचा हलेना. फडकं धरून बघितलं, ओल्या हातानं, कोरड्या हातानं, सगळं झालं. शेवटी आबांच्या पेटीतला हातभर लांब पाईप पाना काढला, नटाला लावला आणि अंगातली सगळी ताकद घातली. 'कट्' असा आवाज झाला. वाटलं, सुटला एकदाचा. हातात नट आला होता खरा, पण त्याच्या आत, मशीनमध्ये पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हची प्लास्टिकची मानही मोडून आली होती.

वैतागून तसाच झोपलो. नळ बंद केला होता, पण त्याचं आतलं वायसर झिजलेलं. मोकळ्या पाईपातून रात्रभर थेंब थेंब गळत राहिलं आणि सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकी दारात उभ्या. टीव्हीवर राधानगरी धरणाचे सातही स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी चालू होती. काकी म्हणाल्या, "सात तिकडं उघडलेत, आठवा तुमच्या गॅलरीत उघडलाय बघा."

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कोल्हापूरच्या उद्यमनगरात तीस वर्षं लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, चालवली. मोडकी मान हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि एवढंच म्हणाले, "लेका, नट हाय, नारळ न्हाई."

त्यानंतर आमचा एकदा आणि बिल्डिंगमधल्या शेजाऱ्यांचे मिळून पाच पाईप बदलले. त्यातले दोन चांगलेच अडकलेले होते, पण एकही मान मोडली नाही आणि एकही जोड गळला नाही. ते कसं केलं, ते इथं सविस्तर लिहितोय.

पाणी नेमकं कोण अडवतं

बहुतेकांना, मलाही आधी, वाटतं की नट जितका आवळाल तितकी गळती कमी. इथंच सगळी चूक आहे. या जोडात आटे, म्हणजे नटाच्या आतले पेच, पाणी अडवत नाहीत. पाणी अडवतं ते नटाच्या आत बसलेलं चपटं रबरी वायसर. आट्यांचं काम एवढंच, की वायसर समोरच्या काठावर सरळ दाबून धरायचं. त्याला फार दाब लागत नाही. जास्त आवळलं की रबर चेपून बाहेर सरकतं, काही महिन्यांत कडक होतं आणि काठाला चिकटून बसतं. आज तुमचा नट निघत नाही, याचं कारण बहुतेक वेळा मशीन बसवताना कोणीतरी तो पान्यानं आवळलेला असतो.

दुसरं कारण क्षार. नदीच्या पाण्यावर चालणाऱ्या घरात हा त्रास कमी असतो, पण अपार्टमेंटमध्ये उन्हाळ्यात टाकीत बोअरचं पाणी मिसळलं जातं आणि जोडाभोवती चुन्यासारखा पांढरा थर धरतो. तो आट्यांत शिरला की सिमेंटचं काम करतो. तिसरं कारण नळाच्या बाजूला दिसतं: धातूचा नट, धातूचा नळ आणि मध्ये हिरवट-तांबूस गंज. यातलं आपल्याकडे कुठलं आहे हे बॅटरी लावून आधी बघून घ्या. पांढरं दिसलं तर औषध वेगळं, गंज दिसला तर वेगळं.

दुकानात जाण्याआधी

नवा पाईप आणि दोन सुटी वायसरं घरात असल्याशिवाय जुन्याला हात लावू नका. जुना अर्धवट निघाला आणि नवा बसेना, तर कपडे टबात आणि तुम्ही दुकानात.

मशीनच्या बाजूचा आटा आपल्याकडच्या बहुतेक मशीनना पाऊण इंची असतो. पट्टी लावून मोजाल तर पाऊण इंच म्हणजे १९ मिलिमीटर कुठंच सापडणार नाही. आबांनी मला व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाची पट्टी, लावून दाखवलं: बाहेरून २६.४ मिलिमीटर. पाऊण इंच हे जुन्या लोखंडी पाईपच्या आतल्या पोकळीचं नाव आहे, ते आट्याला चिकटलं ते चिकटलंच. एका इंचात १४ आटे. गंमत म्हणजे अर्ध्या इंचीलाही १४च, फक्त व्यास कमी. बागेच्या पाईपचे अमेरिकन मापाचे नट ऑनलाइन मिळतात, त्यावरही पाऊण इंच लिहिलेलं असतं, पण त्यात इंचाला साडेअकरा आटे. तो दोन फेरे छान जातो आणि मग अडतो. तिथं जोर केलात तर मशीनचे आटे गेले.

लांबी जुन्या पाईपएवढी किंवा वीतभर जास्त घ्या. दोन आखूड पाईप मध्ये जोडून लांबी करू नका, कारण गळायला आणखी एक जागा तयार होते. एका टोकाला काटकोनात वळलेला एल्बो असतो, ते टोक मशीनकडे जातं.

नळाकडचं टोक बघा. साध्या नळाच्या तोंडावर चार स्क्रूंनी घट्ट केलेली प्लास्टिकची टोपी असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की याच निमित्तानं तो नळ बदलून आटेवाला मशीनचा नळ बसवा. ती टोपी कधी ना कधी सुटतेच, आणि ती बहुधा आपण बाजारात गेल्यावर सुटते.

एक सूचना मात्र आधीच. पाईप नेहमीपेक्षा जाड असेल आणि नळाजवळ मुठीएवढा प्लास्टिकचा डबा असेल, तर तो गळती झाली की आपोआप पाणी बंद करणारा पाईप असतो. काही फ्रंट लोड मशीनना तो येतो. त्याच्या आत विजेच्या तारा असू शकतात. खाली कापण्याचं जे सांगितलंय ते या पाईपला लागू नाही. तो कंपनीच्याच माणसाकडून बदलून घ्यावा.

पाणी, दाब, वीज: या क्रमानं

नळ बंद करा. मग मशीन चालू करून कुठलाही प्रोग्रॅम लावा आणि दहा-पंधरा सेकंद पाणी घेऊ द्या. व्हॉल्व्ह उघडतो, पाईपात कोंडलेला दाब आत निघून जातो. ही पायरी गाळली तर नट सैल होताच पाणी थेट तोंडावर येतं. याच वेळी नळाचीही परीक्षा होते: नळ बंद असून मशीनमध्ये पाणी पडायचं थांबत नसेल, तर नळ गेलेला आहे. मग गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद करा. माझी रात्र याच एका गोष्टीनं बुडवली होती.

त्यानंतर मशीन बंद, बटण बंद आणि प्लग काढून बाजूला. नुसतं बटण बंद करून भागवू नका. आपण ओल्या जागी, मशीनच्या पाठीशी हात घालणार आहोत.

मशीन पुढं ओढताना खाली जुनी गोधडी किंवा पोतं सरकवा, फरशीवर चरे पडत नाहीत. नटाखाली टमरेल ठेवा. दीड मीटरच्या पाईपात जेमतेम पेलाभर पाणी उरतं, बादलीची गरज नाही.

नळाकडचं टोक आधी

आधी नळाकडचा नट सोडवा, कारण तिथं जागा असते आणि पाईप रिकामा होतो. इथं एकच पथ्य: एका हातानं किंवा स्क्रू पान्यानं नळाचं अंग धरून ठेवा आणि दुसऱ्यानं नट फिरवा. नळ न धरता नट ओढलात तर नटाऐवजी अख्खा नळ भिंतीत फिरतो. भिंतीतला सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा, एल्बो जुना झाला की ठिसूळ होतो. तो तडकला तर गळती टाइल्सच्या मागं चालू होते आणि महिन्यानं पलीकडच्या खोलीत ओल दिसते. पाईप बदलायला गेलो आणि भिंत फोडावी लागली, असं होतं ते याच चुकीनं.

नळावरचा नट पितळी असेल आणि गंजून एकजीव झाला असेल, तर त्याच्याशी झुंजत बसू नका. नळासकट बदला.

मशीनकडचा नट: इथं घाई नको

मशीनकडची बाजू पूर्ण वेगळी आहे. नट प्लास्टिकचा, ज्यावर तो बसलाय ते व्हॉल्व्हचं तोंडही प्लास्टिकचं, आणि व्हॉल्व्ह मागच्या पत्र्याला एक-दोन स्क्रूंवर टेकलेला. माझ्या हातून मान मोडली ती फिरवण्याच्या ताकदीनं नव्हे, वाकवण्याच्या. लांब पाना एका बाजूनं ओढला की नट फिरण्याआधी मान वाकते आणि मुळातून तुटते. म्हणून लांब दांड्याचं हत्यार इथं वापरायचंच नाही. एल्बो धरूनही नट फिरवू नका. एल्बो नटात मोकळा फिरतो, त्यावर दिलेला जोर सगळा मानेवर जातो.

दिशा. समोरून बघताना घड्याळाच्या उलट फिरवलं की सैल होतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण मशीनवरून वाकून, मागं हात घालून काम करताना उलटसुलट होतं आणि माणूस दहा मिनिटं नट आवळत बसतो. त्यावर एक खूण: उजव्या हाताचा अंगठा नटाला ज्या दिशेनं बाहेर यायचंय तिकडं, म्हणजे मशीनपासून दूर, रोखा. बाकीची बोटं ज्या बाजूला वळतात, त्या बाजूला नट फिरवायचा. कुठूनही बघा, चुकत नाही.

आता पकड. सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद, वीतभर लांब पट्टी कापा. पंक्चरवाला फुकट देतो. नट फडक्यानं कोरडा पुसा, ट्यूबची पट्टी त्याच्यावर सोडवायच्या दिशेनं दोन वेढे ताणून गुंडाळा आणि मोकळं टोक त्याच मुठीत धरा. मग दोन्ही हातांनी, नटाच्या दोन्ही बाजूंना सारखा जोर देत फिरवा. फडकं घसरतं, रबर घसरत नाही. माझ्या पाचपैकी तीन नट एवढ्यावरच सुटले.

नाही सुटला, तर शेक द्या. हाताला सोसेल त्याहून थोडं गरम पाणी घ्या, उकळतं नको. त्यात फडकं बुडवून, पिळून, नटाभोवती गुंडाळा. दोन-तीन मिनिटांत फडकं काढून लगेच ट्यूब लावून फिरवा. बाहेरचा नट आधी तापून किंचित फुगतो आणि आतलं तोंड अजून थंड असतं. तेवढी फट पुरते. फडकं अर्धा तास ठेवलंत तर दोन्ही सारखे तापतात आणि फायदा जातो.

पांढरा थर दिसत असेल तर व्हिनेगर. घरात नसेल तर किराणा दुकानातलं लिंबूफूल, अर्ध्या कप कोमट पाण्यात एक चमचा. त्यात भिजवलेली चिंधी नटाच्या मागच्या फटीवर बसवा, वर प्लास्टिकची पिशवी गुंडाळून रबर लावा आणि तासभर विसरून जा. आत बारीक फसफस झाली की समजायचं, क्षार विरघळतोय. मग जुन्या टूथब्रशनं फट घासायची. एवढ्यानं नाही झालं तर पुन्हा एक तास. संडास धुवायचं ॲसिड मात्र आणू नका, ते पितळ आणि क्रोम दोन्ही खातं. आणि मशीनशेजारी ब्लीचची बाटली असते, तिच्याशी यातलं काहीही मिसळू देऊ नका. विषारी क्लोरिन वायू होतो.

गंजावर मारायचा तेलाचा फवारा, खोबरेल, रॉकेल यातलंही काही इथं नको. तेलानं वायसरचं रबर फुगतं आणि काही प्लास्टिक कमकुवत होतं. चुकून मारलंच असेल तर साबणाच्या पाण्यानं पुसून काढा.

नट केसभर जरी हलला तरी तसाच पुढं ओढत नेऊ नका. थोडा सोडवा, थोडा परत आवळा, पुन्हा सोडवा. आट्यांतला थर असा भुगा होऊन बाहेर पडतो.

काहीच चालेना, तेव्हा कापा

पाईप टाकूनच द्यायचाय, मग त्याच्यावर दया कशाला? नटापासून चार बोटं सोडून पाईप कात्रीनं कापा. एल्बो आडवा येत असेल तर तोही मुळाशी करवतीनं उडवा. आता नट एकटा, सगळीकडून दिसतो.

हॅक्सॉचं, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीचं, नुसतं पातं घ्या, एका टोकाला फडकं गुंडाळून मूठ करा. नटाच्या अंगावर, व्हॉल्व्हच्या दिशेनं सरळ उभी, म्हणजे आट्यांना आडवी जाणारी, एक चीर पाडायला घ्या. हलक्या हातानं, पातं टेकवून आपल्याकडं ओढत. दर दहा-बारा फेऱ्यांनी थांबून बॅटरी मारा. नटाचा आणि आतल्या तोंडाचा रंग बहुधा वेगळा असतो. चिरेच्या तळाला दुसरा रंग डोकावला की तिथंच थांबा. पूर्ण आरपार कापायचं नाही. चिरेत सपाट स्क्रू ड्रायव्हर घालून तो फिरवा, पुढं रेटू नका. नट 'टक्' करून उघडतो आणि सोललेल्या सालीसारखा निघून येतो. आतल्या आट्यावर एखादा ओरखडा आला तरी घाबरू नका. पाणी आट्यांवर नाही, काठावर अडतं हे वर सांगितलंच. काठ मात्र शाबूत हवा.

आणि समजा मान मोडलीच, तर जग बुडत नाही. व्हॉल्व्ह सुटा मिळतो. मशीन वॉरंटीत असेल तर स्वतः काही उघडू नका.

नवा बसवण्याआधी पाच मिनिटं

नट निघाला की लगेच नवा लावायची घाई होते. इथं थांबा, कारण बसवल्यानंतरच्या गळतीचं सर्वांत मोठं कारण इथं लपलेलं असतं. जुन्या नटात बघा: वायसर त्यात आहे का? नसेल, तर ते व्हॉल्व्हच्या काठाला चिकटून राहिलंय. काळ्यावर काळं असल्यानं ते दिसत नाही. नव्या पाईपचं वायसर त्याच्यावर बसलं की दोन वायसरं एकमेकांवर घसरतात, आणि नट कितीही आवळा, पाणी येतच राहतं. नखानं किंवा लाकडी काडीनं जुनं काढून टाका. स्क्रू ड्रायव्हरनं खरवडू नका, काठाला चरा पडला तर तीच गळतीची वाट होते.

व्हॉल्व्हच्या तोंडात बारीक जाळी असते. मधला दांडा पकडीनं धरून अलगद सरळ ओढा, निघते. पावसाळ्यात गढूळ पाणी येऊन गेलं की ती गाळानं भरलेली असते. 'मशीन पाणी हळू घेतंय' या तक्रारीचं अर्धं उत्तर तिथंच मिळतं. ब्रशनं धुवा आणि परत बसवा. जाळीशिवाय मशीन चालवू नका, वाळूचा एक कण व्हॉल्व्हच्या पडद्यात अडकला की मशीन बंद असतानाही त्यात पाणी भरत राहतं.

नवा पाईप लावण्याआधी त्याचं एक टोक नळाला जोडून दुसरं बादलीत सोडा आणि अर्धा मिनिट पाणी जाऊ द्या. नळ उघडझाप झाल्यानं सुटलेला गंज आणि पाईपातली धूळ निघून जाते.

बसवणं

वायसर नटात सपाट बसलंय का, बोट फिरवून बघा. नट व्हॉल्व्हवर सरळ टेकवा आणि आधी उलटा, सोडवायच्या दिशेनं फिरवा. एका जागी बारीक 'टिक्' जाणवतं, आट्याचं तोंड आट्यात पडतं. तिथून सुलटा फिरवायला लागा. ही आबांची लेथवरची सवय. यानं आटा तिरका चढत नाही. दोन बोटांनी तीन-चार फेरे सहज गेले पाहिजेत. जड गेला तर काढून पुन्हा लावा.

शेवटी हातानं घट्ट, आणि मुठीनं फार तर पाव फेरा. मशीनच्या बाजूला पाना नाहीच.

टेफ्लॉन टेपबद्दल प्लंबरशीसुद्धा वाद होतो, तरी सांगतो: नटाच्या या आट्यांवर टेप लावू नका. तिथं तिचा उपयोग नाही, उलट जाडी वाढून प्लास्टिकवर ताण येतो. टेप लागते ती भिंतीत बसणाऱ्या नळाच्या आट्याला, कारण तिथं वायसर नसतं. तिथंही ती आट्याचं तोंड आपल्याकडं धरून घड्याळाच्या दिशेनं गुंडाळायची, नाहीतर बसवताना उलगडून गोळा होते.

पाईपाला पीळ पडलाय का बघा. मशीन पिळताना थरथरतं, म्हणून पाईप ताणलेला नको, थोडा झोल हवा.

तपासणी

नळ एकदम उघडू नका, पाव फेरा उघडून थांबा. दोन्ही जोडांभोवती कोरडा टिश्यू कागद फिरवा. बोटाला न कळणारा ओलावा कागदावर लगेच ठिपका होऊन दिसतो. मग पूर्ण उघडा, पंधरा मिनिटं तसंच ठेवा. मशीन बंद आणि नळ उघडा, या स्थितीत पाईपावर पूर्ण दाब असतो, म्हणून ही परीक्षा महत्त्वाची. लाईन टाकीवरून न येता थेट असेल, तर पाणी सुटायच्या वेळेला पुन्हा बघा, तेव्हा दाब जास्त असतो.

थेंब दिसला तर आधी आवळू नका. नळ बंद करून नट काढा, वायसर बघा. दहातल्या नऊ वेळा ते तिरकं बसलेलं असतं.

त्यानंतर प्लग लावून एक छोटा प्रोग्रॅम चालवा. पाणी भरून झालं की व्हॉल्व्ह झटक्यात बंद होतो, पाईप टुणकन हलतो. तो धक्का बसल्यावर पुन्हा कागद फिरवा. मशीन मागं ढकलताना एल्बो भिंतीला टेकत नाही ना, पाईप दुमडत नाही ना, हे वाकून बघा. ढकलतानाच मोडलेले जोड मी पाहिलेत. सांडपाण्याचा जाड पाईप ओढला गेला नसेल ना, तेही त्याच वेळी. नव्या पाईपवर मार्करनं महिना आणि वर्ष लिहा, पाच वर्षांनी बदलायला बरं. आणि धुणं झालं की नळ बंद करायची सवय घरात सगळ्यांना लावा.

शेवटी मशीनखाली, जोडाच्या बरोबर खाली, एक वर्तमानपत्र सपाट पसरून ठेवा. शाई पसरली किंवा कागद फुगला की लगेच कळतं. तिसऱ्या दिवशी कोरडा असेल तर काढून घ्या. आमच्याकडं तो दुसऱ्याच दिवशी काढावा लागला, आबांचं शब्दकोडं अर्धं राहिलं होतं त्यात.